कोणीही लिहावे अशी पाने आणि त्यांचे राखणदार

१/
जगातले पहिले ‘विकी’, म्हणजे कोणाही वाचकाला थेट बदल करता येतील असे संकेतस्थळ, २५ मार्च १९९५ रोजी सुरू झाले. आज ते वाचता येते, परंतु त्यातले एक अक्षरही बदलता येत नाही. डिसेंबर २०१४मध्ये उपद्रवी मंडळींनी त्यावर धाड घातली आणि त्यानंतर ते केवळ वाचनापुरते उरले. ज्या घराने जगाला दार उघडे ठेवण्याची रीत शिकवली, त्याच घराला शेवटी कडी लावावी लागली. आजचा धागा त्या कडीविषयी आहे.

२/
माझे मत आरंभीच मांडतो. उघड्या पानांचे रक्षण कुलपाने होत नाही, पहाऱ्याने होते. आणि हा पहारा ज्यांची ती पाने आहेत त्यांनीच द्यायचा असतो. यंत्रे मदतीला हवीतच, परंतु यंत्रांना मराठी वंशावळीतली लबाडी कळत नाही. ती ओळखण्यासाठी इतिहास वाचणारी माणसे लागतात. म्हणून हा विषय संगणकतज्ज्ञांइतकाच आपलाही आहे.

३/
प्रथम त्या पहिल्या घराची ओळख करून घेऊ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने आपल्या व्यवसायबंधूंना अनुभव नोंदवता यावेत म्हणून ते उभारले. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बससेवा होती. हवाईच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. त्यावरून त्याने ‘विकीविकीवेब’ हे नाव ठेवले. ‘अलीकडील बदल’ दाखवणारे पान तिथे आरंभापासूनच होते. लिहिण्याची मुभा आणि कोणी काय लिहिले ते सर्वांना दिसण्याची सोय ही जुळी भावंडे आहेत, ही गोष्ट पुढे पुष्कळांच्या ध्यानात राहिली नाही.

४/
अनेकांच्या हातून फिरणाऱ्या मजकुराची चिंता आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलांमागून नकला होत गेल्या तसे त्यांत पाठभेद शिरले. संत एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४च्या सुमारास, शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये, असेही त्यांनी बजावले. प्रक्षेपाविरुद्ध मराठीत दिलेला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध इशारा.

५/
पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९मध्ये हाती घेतले आणि १९६६मध्ये तडीस नेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. एखादा श्लोक कोणत्या शाखेत आहे आणि कोणत्या शाखेत नाही, यावरून तो मागाहून आलेला आहे काय हे ठरवण्यात विद्वानांची आयुष्ये गेली. कारण पोथी आपले संपादन कोणी, कधी केले हे सांगत नाही.

६/
विकिपीडियासारख्या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक बदल दिनांक, वेळ आणि करणाऱ्याची खूण यांसह नोंदला जातो. ‘इतिहास पहा’ या कळीमागे पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते. कोणीही लिहू शकते म्हणून अशी पाने अविश्वसनीय, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की प्रक्षेपाची इतकी तपशीलवार नोंद ठेवणारी पोथी आजवर झालेली नाही. ज्याचा माग काढता येतो, तो प्रक्षेप दूरही करता येतो.

७/
परंतु जुना प्रक्षेपकार आणि आजचा स्पॅमकार यांच्यात मोठा भेद आहे. ओवी घुसडणाऱ्याला निदान ग्रंथाविषयी आस्था होती. स्पॅमकाराला पानाशी काही देणेघेणे नसते. त्याला केवळ जागा हवी असते. मे १९७८मध्ये ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’च्या एका विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. एप्रिल १९९४मध्ये दोन अमेरिकी वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत ओतली. लोक संतापले, तरी अर्थशास्त्र सर्वांना कळून चुकले. धाडण्याचा खर्च जवळजवळ शून्य, उपद्रव मात्र वाचणाऱ्याच्या माथी.

८/
विकीवरील स्पॅमला खरे बळ मिळाले ते शोधयंत्रांमुळे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे जणू मत मानले गेले. ज्याला प्रतिष्ठित पानांची मते अधिक, तो यादीत वर. मग ज्या प्रतिष्ठित पानावर कोणालाही लिहिता येते, तिथे जाऊन स्वतःलाच मत देण्याचा मोह कोणाला होणार नाही? औषधांचे, जुगाराचे, उसनवारीचे दुवे पानोपानी उगवू लागले. कित्येक दुवे वाचकाला दिसतही नसत. ते यंत्रासाठीच पेरलेले असत.

९/
जानेवारी २००५मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी तोड काढली. दुव्यावर ‘नोफॉलो’ अशी खूण केली की शोधयंत्र त्याला मत म्हणून मोजणार नाही. जानेवारी २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियाने आपल्या सगळ्या बाहेरच्या दुव्यांवर ती खूण लावली. लूट संपली म्हणजे लुटारू जातील, असा हिशेब होता. ते गेले नाहीत. एक पान अधिक माखण्याचा खर्च शून्यच असेल, तर तिथे लाभ आहे की नाही हे तपासण्याचे कष्ट तरी यंत्राने का घ्यावेत?

१०/
दुसरा उपाय म्हणजे वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचे कोडे, अर्थात कॅप्चा. आपल्यासारख्यांना त्याची एक शाखा जिव्हाळ्याची वाटावी. २००७मध्ये आलेल्या ‘रिकॅप्चा’त लोकांना जुन्या छापील मजकुरातले, यंत्राला न वाचता आलेले शब्द ओळखायला दिले जात. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक अशा रीतीने असंख्य अनामिक हातांनी अक्षरबद्ध झाले. परंतु पहारा म्हणून कोड्याचे तेज ओसरले. काही पैशांत माणसांकडून कोडी सोडवून घेणारे धंदे निघाले, आणि कालांतराने यंत्रेही ती वाचू लागली.

११/
आता जून २००५मधली एक घटना पाहू. लॉस एंजेलिस टाइम्सने इराक युद्धावरचा एक अग्रलेख विकीवर ठेवला आणि वाचकांना म्हटले, हवा तसा सुधारा. दोन-तीन दिवसांत अश्लील चित्रांचा असा मारा झाला की तो प्रयोग गुंडाळावा लागला. ‘उघडे पान टिकत नाही’ याचा पुरावा म्हणून तो दाखला अनेकांनी दिला. परंतु त्याच वर्षी, तशाच उघड्या पानांवर, विकिपीडिया वाढत होता. मग फरक कशात होता?

१२/
फरक राखणदारांत होता. वृत्तपत्राच्या त्या पानाला वाचक होते, पण ते पान आपले मानणारे आणि मध्यरात्री त्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते. आयबीएमच्या संशोधकांनी २००४मध्ये विकिपीडियाच्या पानांचे इतिहास चित्ररूपाने मांडून पाहिले. पानातला मजकूर सरसकट पुसण्याचे प्रकार बहुधा काही मिनिटांतच दुरुस्त होत, असे त्यांना आढळले. कोळशाने भिंत रंगवायला जितका वेळ लागतो, त्याहून ती पुसायला कमी वेळ लागत असेल, तर रंगवणारा आधी थकतो. एका कळीने उलटवण्याची सोय ही उघड्या पानांची पहिली तटबंदी आहे.

१३/
तरीही ही तटबंदी अभेद्य नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मे २००५मध्ये ज्येष्ठ अमेरिकी पत्रकार जॉन सीगेन्थॅलर यांच्या चरित्रात कोणीतरी लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता. हे धादांत खोटे वाक्य सुमारे ४ महिने तसेच राहिले. शिवीगाळ तत्काळ दिसते. सभ्य भाषेतले असत्य दिसत नाही. डिसेंबर २००५मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नवे पान निर्माण करण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत सदस्यांपुरता ठेवला.

१४/
पुढे निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे दरवाजे बसवले. जर्मन विकिपीडियाने मे २००८पासून, नवख्याने केलेला बदल अनुभवी सदस्याने पाहिल्यावरच सर्वसामान्य वाचकांना दिसावा अशी व्यवस्था केली. पोर्तुगीज विकिपीडियाने ऑक्टोबर २०२०मध्ये नोंदणीशिवाय संपादन बंद केले. दोन्ही मार्गांचे समर्थक आहेत आणि त्यांच्या बाजूला तथ्यही आहे. राखणदार थकले असतील, तर त्यांना उसंत देणे हेही रक्षणच होय.

१५/
मग सरळ सगळेच का बंद करू नये? तज्ज्ञांनी लिहावे, इतरांनी वाचावे! हाही प्रयोग होऊन गेला आहे. विकिपीडियाच्या आधी, २०००मध्ये, त्याच्याच संस्थापकांनी ‘न्यूपीडिया’ काढला होता. तिथे तज्ज्ञांचे लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जात. पहिल्या वर्षात पूर्ण झालेले लेख जेमतेम दोन डझनांच्या आसपास होते. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाने दार उघडले आणि वर्ष संपण्यापूर्वी लेखांची संख्या हजारोंवर गेली.

१६/
कुलपाची खरी किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून ती शून्य वाटते. आलेला स्पॅम डोळ्यांना दिसतो. जो आलाच नाही, तो लेखक कोणाला दिसत नाही. आपल्या गावच्या बारवेचा शिलालेख चुकीचा वाचला गेला आहे हे ठाऊक असलेली एखादी विद्यार्थिनी पानावर येते, दार बंद पाहते आणि परत जाते. तिचे जाणे कोणत्याही नोंदीत उतरत नाही. रक्षणाच्या नावाखाली होणारी ही हानी मला स्पॅमहून अधिक गंभीर वाटते, कारण ती उलटवण्याची कळ अस्तित्वात नाही.

१७/
येथे एका अर्थशास्त्रज्ञ बाईंचे काम आपल्याला वाट दाखवते. १९६८मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते की सामाईक कुरण शेवटी ओरबाडलेच जाते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुस्तकी कुरणाऐवजी खरी कुरणे तपासली. स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल गावाचा १५१७चा नियम असा की, हिवाळाभर जितकी गुरे स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितकीच उन्हाळ्यात सामाईक डोंगरावर चरायला न्यावीत. स्पेनमधील व्हॅलेन्सियात पाटाच्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांचेच न्यायमंडळ दर गुरुवारी कॅथीड्रलच्या दाराशी उघड्यावर बसून सोडवते. शतकानुशतके हे चालले आहे.

१८/
ऑस्ट्रॉम यांचा ग्रंथ १९९०चा. २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या सामाईक व्यवस्थांत त्यांना काही समान लक्षणे आढळली. नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतात आणि ते बदलण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो. पहारा वापरणारेच देतात किंवा पहारेकरी त्यांना उत्तरदायी असतो. शिक्षा पायरीपायरीने वाढते. तंटा सोडवण्याची जागा जवळ आणि स्वस्त असते. ही यादी समोर ठेवून कोणत्याही उघड्या संकेतस्थळाची प्रकृती तपासता येते.

१९/
पायरीपायरीच्या शिक्षेचा अर्थ स्पष्ट करतो. नवख्याने पानावर स्वतःचे नाव लिहून पाहिले, तर बदल उलटवावा आणि त्याला ‘धूळपाटी’ दाखवावी. पुन्हा केले तर सूचना द्यावी, मग थोड्या काळाची बंदी, आणि दीर्घ बंदी सर्वांत शेवटी. जाहिरातीचे दुवे ओतणाऱ्या यंत्राला मात्र पहिल्याच खेपेस बाहेर काढावे. अजाण आणि धंदेवाईक यांना एकच दंड देणारा पहारेकरी पहिल्याला गमावतो आणि दुसऱ्याला रोखू शकत नाही.

२०/
कारण धंदेवाईक फार हुशार झाले आहेत. ऑगस्ट २०१५च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाने परस्परांशी संगनमत असलेली ३८१ खाती एकदम बंद केली. ही मंडळी छोट्या व्यावसायिकांकडून आणि कलावंतांकडून पैसे घेऊन त्यांची पाने चढवीत आणि पुढे पान ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठीही पैसे मागत. संरक्षणासाठी हप्ता, हा प्रकार आपल्याला परिचित आहे! हे जाळे कोणत्याही गाळणीने पकडले नाही. स्वयंसेवकांनी आठवडेच्या आठवडे पानांचे इतिहास ताडून ते उकलले. अगदी पोथ्या ताडाव्यात तसे.

२१/
राखणदारांविषयी इतके बोलल्यावर उलट बाजूही सांगणे भाग आहे. क्रोएशियन विकिपीडियावर मूठभर प्रचालकांनी वर्षानुवर्षे ठाण मांडले. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा राजवटीचे अत्याचार सौम्य करून लिहिले गेले आणि आक्षेप घेणाऱ्यांना बंदी घातली गेली. २०१३मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना ते संकेतस्थळ वापरू नका असे सांगितले. विकिमीडिया फाउंडेशनने करवून घेतलेला अहवाल २०२१मध्ये आला आणि त्याने पक्षपाताला दुजोरा दिला. किल्लेदारच फितूर झाला तर तट कितीही उंच असून काय उपयोग?

२२/
आणि राखणदार मुळीच नसतील तर काय होते, ते स्कॉट्स विकिपीडियाने दाखवले. २०२०मध्ये उघडकीस आले की तिथली हजारो पाने ती भाषा न जाणणाऱ्या एका अमेरिकी किशोराने वर्षानुवर्षे लिहिली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. वाईट ही गोष्ट होती की इतकी वर्षे ती पाने वाचून ‘ही आमची भाषा नव्हे’ असे म्हणणारा जाणकार तिथे फिरकलाच नाही. लहान भाषांना हा धोका सर्वाधिक आहे.

२३/
आता आपल्या घरी येऊ. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे स्वयंचलित कामे करणाऱ्या बॉटला ‘सांगकाम्या’ असे सुरेख नाव आहे. सांगकाम्या सांगितले तेवढे चोख करतो: परदेशी जुगाराचा दुवा ओळखतो, शिवी गाळतो, सरसकट पुसलेले पान परतवतो. लहान विकींवर नजर ठेवणारे जगभरचे स्वयंसेवकही मदत करतात. परंतु त्यांतल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही.

२४/
म्हणून कळीचा मुद्दा हा की शुद्ध मराठीत, सनावळीसह, आदरार्थी क्रियापदांत लिहिलेली खोटी वंशावळ कोणत्याही गाळणीला अडत नाही. एखाद्या किल्ल्याच्या पानावर अलगद बसवलेले रिसॉर्टचे कौतुक, एखाद्या सरदाराच्या पानात घातलेले आपल्या घराण्याचे नाव, समाजमाध्यमांवरून फिरत आलेला आणि आधार नसलेला लढाईचा आकडा, हा आपला खरा स्पॅम. त्यात आता अस्खलित मराठी मजकूर क्षणात रचून देणारी यंत्रे आली आहेत. खोटे लिहिण्याचा खर्च पुन्हा शून्यावर आला. तपासण्याचा खर्च होता तितकाच राहिला.

२५/
या स्थितीत काय करावे? माझ्या मते चार गोष्टी.
एक: कुलूप लावायचे तर एका पानाला, ठरावीक मुदतीसाठी आणि कारण लिहून, सगळ्या घराला नव्हे.
दोन: दुव्यांच्या काळ्या याद्या, गाळण्या आणि सांगकामे निःसंकोच वापरावेत, पण त्यांनी चुकून अडवलेल्याला दाद मागण्याची जागा मराठीत असावी.
तीन: प्रचालकांचे निर्णय उघड आणि तपासण्याजोगे असावेत, अधिकार तहहयात नसावेत.
चार: नव्या लेखकाचा पहिला बदल उलटवताना त्याचे कारण त्याला सांगावे.

२६/
पाचवी गोष्ट आपली. आपल्या तालुक्याचे, आवडत्या किल्ल्याचे, अभ्यासाच्या एका विषयाचे, अशी पाच पाने निवडा आणि निरीक्षणसूचीत घाला. आठवड्यातून एकदा त्यांचा ‘इतिहास’ उघडा. नवे वाक्य दिसले की एवढेच विचारा: याला आधार कोणता? आधार असेल तर राहू द्या, आपल्या मताविरुद्ध असला तरी. नसेल तर चर्चापानावर सभ्यपणे मागा. मिळाला नाही, तर उलटवा आणि कारण नोंदवा.

२७/
यात शौर्य नाही, कौतुकही फारसे नाही. एकनाथांच्या हाताखाली किंवा भांडारकर मंदिराच्या मेजांवर प्रती ताडणाऱ्या सगळ्यांची नावे तरी कुठे आपल्याला ठाऊक आहेत? परंतु आज आपण जो पाठ विश्वासाने वाचतो, तो त्यांच्या जागरणामुळे. इतिहासावर प्रेम करणाऱ्या मराठी तरुणांची संख्या थोडी नाही. त्यांतल्या शंभर जणांनी प्रत्येकी पाच पाने सांभाळली, तरी पाचशे पानांना राखणदार मिळेल आणि ती पाने सर्वांसाठी उघडी राहतील.

२८/
या मताशी आपण सहमत नसाल, विशेषतः नोंदणी सक्तीची असावी असे वाटत असेल, तर खाली आपला युक्तिवाद अवश्य मांडा. आणि सहमत असाल, तर आपण कोणती पाच पाने निवडलीत तेवढे लिहा. एकाच पानावर दहा जण आणि शेजारचे पान ओस, असे होऊ नये. धागा येथे पूर्ण.